घरबसल्या पदवी : पारख कशी करावी?

विद्या संपादन करावयाची तर घर सोडले पाहिजे, ही आपल्याकडील फार जुनी समजूत आहे. आणि पुष्कळ काळपर्यंत ती वस्तुस्थितीही होती. नगर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन करीपर्यंत येथील मुलास पदवीच्या अभ्यासाकरिता पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागे. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले, १९६१ साली संगमनेरास महाविद्यालय निघाले, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने श्रीरामपूर, कोपरगाव अशा ठिकाणी आपली महाविद्यालये काढली, आणि उच्च शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचले. परंतु हा जिल्हा लहान नव्हे. २०२४ साली ज्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले, तो हा चौदा तालुक्यांचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. सह्याद्रीच्या कुशीतील अकोले त्याच्या एका टोकास, तर जामखेड दुसऱ्या टोकास.

आणि अंतर केवळ मैलांचेच असते असेही नाही. बारावी होताच लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा तरुण, दिवाळीनंतर बिऱ्हाड बैलगाडीत घालून ऊसतोडीस निघणाऱ्या पाथर्डी-शेवगावकडील कुटुंबातील हुशार मुलगा, या सर्वांस महाविद्यालय गावात असूनही नसल्यासारखेच असते. वर्ग भरतो त्या वेळी त्यांस वर्गात बसता येत नाही, एवढाच त्यांचा दोष. अशा माणसांस आज घरबसल्या पदवी मिळविण्याचा मार्ग खुला आहे. तो मार्ग खरा आहे, कायदेशीर आहे, आणि नीट चोखाळल्यास फलदायीही आहे. परंतु याच मार्गावर वाटाड्याचे सोंग घेऊन बसलेले लुटारूही पुष्कळ आहेत. म्हणून खरी पदवी कोणती, खोटी कोणती, आणि खरी असूनही आपल्या उपयोगाची नाही अशी कोणती, याची पारख कशी करावी ह्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरी राहून मिळविलेली पदवी म्हणजे दुय्यम प्रतीची पदवी, असे पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही मानले जाते. वास्तविक ही पद्धत नवी नाही आणि हलकी तर मुळीच नाही. लंडन विद्यापीठाने बाहेरील विद्यार्थ्यांस आपल्या पदवीपरीक्षांस बसण्याची मुभा दिली ती १८५८ साली. इंग्लंडातील मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले, आणि त्याची व्याख्याने आपण या क्षणी जिच्यामार्फत बोलत आहो त्या नभोवाणीवरून व दूरचित्रवाणीवरून प्रसृत होत. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली तोच मार्ग धरला. १९८२ साली आंध्र प्रदेशात पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले, आणि १ जुलै १९८९ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यान्वये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जन्मास आले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. ज्या जिल्ह्यातील नेवाशास ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ संस्कृताच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या लोकांस त्यांच्याच बोलीत सांगितला, त्या जिल्ह्यास या ब्रीदाचा अर्थ निराळा समजावून द्यावयास नको.

टपालाची जागा आता इंटरनेटने घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्यास प्रथम नियमावली केली, आणि ४ सप्टेंबर २०२० रोजी दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण या दोहोंसाठी मिळून एक नवी नियमावली प्रसिद्ध केली. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने सूचना काढून हेही स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त विद्यापीठाने नियमानुसार दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन दिलेली पदवी ही वर्गात बसून मिळविलेल्या पदवीशी समतुल्य मानावी. म्हणजे प्रश्न पद्धतीचा राहिलेला नाही. प्रश्न आहे तो 'मान्यताप्राप्त' आणि 'नियमानुसार' या दोन शब्दांचा. सारी पारख या दोन शब्दांत साठविलेली आहे.

पहिला प्रश्न असा विचारावा : ही पदवी देणार कोण? आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार ज्यास वाटेल त्यास नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा जो १९५६ चा कायदा आहे, त्याच्या बाविसाव्या कलमाने हा अधिकार केवळ तीन प्रकारच्या संस्थांस दिला. संसदेच्या अथवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, हा पहिला प्रकार. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली केंद्र सरकारने ज्यांस विद्यापीठाचा दर्जा दिला त्या अभिमत संस्था, हा दुसरा. आणि संसदेने ज्यांस खास अधिकार दिला त्या संस्था, हा तिसरा. आपल्या जिल्ह्यातीलच उदाहरणे घ्यावयाची तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ हे राज्याच्या कायद्याने झालेले, तर लोणीची प्रवरा वैद्यकीय संस्था ही अभिमत विद्यापीठ. या तीन घरांपैकी एकाही घरात जी संस्था बसत नाही, तिने दिलेला कागद कितीही सोनेरी असो, तो पदवी नव्हे.

याकरिता समोरच्या माणसास एकच साधा प्रश्न करावा : "आपले विद्यापीठ कोणत्या कायद्याने, कोणत्या साली स्थापन झाले?" खऱ्या विद्यापीठाचा कारकूनही याचे उत्तर एका वाक्यात देईल. खोटा मनुष्य मात्र निराळेच कागद पुढे करू लागतो. कोणी संस्था-नोंदणी कायद्याचे प्रमाणपत्र दाखवितो; परंतु तो १८६० चा कायदा मंडळे आणि संस्था नोंदविण्याचा आहे, आणि त्याखाली वाचनालयही नोंदविता येते व भजनी मंडळही. कोणी न्यासाची नोंद दाखवितो, कोणी कंपनीची. कोणी आयएसओ प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावून ठेवतो. ते कार्यालयीन कामकाजाच्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र असते, पदवीशी त्याचा यत्किंचितही संबंध नाही. 'सरकारमान्य', 'स्वायत्त', 'जागतिक मान्यताप्राप्त' हे शब्द तर पाटीवर रंगविण्यास पेंटरच्या मजुरीपलीकडे खर्च लागत नाही. नाव मोठे, लक्षण खोटे, ही म्हण अशा ठिकाणी अक्षरशः खरी ठरते.

नावावर जाऊ नये, हे सांगण्यास आपल्या भागातीलच दाखले आहेत. आयोग वेळोवेळी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो. त्या यादीत बेळगाव जिल्ह्यातील गोकाक येथील 'बडगणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी' हे नाव वर्षानुवर्षे छापून येत असे. नाव पाहा : त्यात 'सरकार' आहे, 'वर्ल्ड' आहे, 'ओपन युनिव्हर्सिटी'ही आहे, नाही तो फक्त पदवी देण्याचा अधिकार. महाराष्ट्रातून नागपूरच्या एका संस्थेचे नाव त्याच यादीत अनेक वर्षे होते. वास्तविक 'विद्यापीठ' हा शब्द अधिकाराविना नावात घालण्यास त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने मनाई केली. पण त्या गुन्ह्यास चोविसाव्या कलमाने ठरविलेला दंड किती? अधिकात अधिक एक हजार रुपये! एका विद्यार्थ्याकडून पन्नास हजार उकळणाऱ्यास हजार रुपयांच्या दंडाचे भय ते काय वाटणार? कायद्याचा धाक इतका तोकडा असताना नागरिकानेच ताकही फुंकून प्यावे हे बरे.

दुसरा प्रश्न पहिल्याहून सूक्ष्म आहे, आणि सुशिक्षित माणसेही बहुधा येथेच फसतात. विद्यापीठ खरे असले म्हणजे त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम खरा, असे नव्हे. दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन पदवी देण्याकरिता त्या विद्यापीठास आयोगाची निराळी परवानगी लागते. ती अभ्यासक्रमागणिक असते, पद्धतीगणिक असते, आणि ठराविक सत्रांपुरती असते. आयोगाचा दूरशिक्षण विभाग, ज्यास डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरो म्हणतात, तो आपल्या संकेतस्थळावर ही यादी देतो. तेथे तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात : आपल्या अभ्यासक्रमाचे नेमके नाव, तो दूरशिक्षणाने की ऑनलाइन, आणि आपण ज्या सत्रास प्रवेश घेणार ते सत्र. गतवर्षी परवानगी होती, यंदाही येईलच, हा युक्तिवाद ऐकू नये. सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून तर या अभ्यासक्रमांस प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याने आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा डीईबी क्रमांक काढणे आवश्यक झाले. हा क्रमांक त्याच्या श्रेयांक पेढीतील खात्याशी जोडलेला असतो. जो मनुष्य असा क्रमांक न मागता प्रवेश देऊ करतो, किंवा "ते आम्ही मागाहून पाहून घेऊ" असे म्हणतो, त्याच्या दारातून त्याच पावली परतावे.

ही काळजी अनाठायी आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी दोन निकाल ध्यानात घ्यावेत. २००२ साली छत्तीसगड राज्याने एक कायदा केला आणि त्याखाली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे नुसत्या अधिसूचनेने निर्माण झाली. पुष्कळांपाशी इमारत नव्हती, की अध्यापक नव्हते. प्रख्यात शास्त्रज्ञ प्रा. यश पाल हे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने कायद्याची ती कलमे रद्द ठरविली. ती विद्यापीठे एका दिवसात नाहीशी झाली. दुसरा निकाल ३ नोव्हेंबर २०१७ चा. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक त्या मान्यता न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. ती विद्यापीठे खोटी नव्हती, हे लक्षात ठेवावे. तरीही २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या व त्यांस पुन्हा परीक्षा देण्यास सांगितले. आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरसकट रद्द करून त्यांची फी परत करावयास लाविली. फी परत मिळेल. परंतु त्या पदवीवर लागलेली नोकरी, मिळालेली बढती, जुळलेले लग्न आणि गेलेली दहा वर्षे, यांचा परतावा कोणते न्यायालय देणार?

आता दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण यांतील भेद सांगणे अवश्य आहे, कारण दलालांचा पुष्कळसा धंदा या दोहोंची गल्लत करण्यावरच चालतो. दूरशिक्षणात छापील पाठ्यपुस्तके मिळतात, जवळच्या अभ्यासकेंद्रात सुटीच्या दिवशी मार्गदर्शनाचे वर्ग होतात, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. हे अभ्यासकेंद्र एखाद्या रीतसर महाविद्यालयात वा उच्च शिक्षणसंस्थेत असावे लागते. ते ठेक्याने कोणा खासगी व्यक्तीस चालविण्यास देता येत नाही. शिवाय राज्याच्या विद्यापीठास आपल्या हद्दीबाहेर असे केंद्र काढता येत नाही. म्हणून बाजारपेठेतील माडीवर, मोबाइलच्या दुकानाशेजारी, दूरच्या कोठल्या राज्यातील विद्यापीठाचे 'अधिकृत अभ्यासकेंद्र' अशी पाटी दिसली, तर तेवढ्यावरूनच निर्णय करण्यास हरकत नाही. ऑनलाइन शिक्षणास हद्द नाही. अकोल्यात बसून दिल्लीच्या विद्यापीठात शिकता येते. परंतु त्यास अभ्यासकेंद्रही नसते. व्यवहार विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यात सरळ असतो. तेव्हा 'ऑनलाइन पदवीचे स्थानिक केंद्र' हा शब्दप्रयोगच मुळात विसंगत आहे.

तिसरा प्रश्न विषयाचा. काही विद्या अशा आहेत की त्या हाताने, शरीराने, प्रत्यक्ष वस्तूवर काम करूनच येतात, आणि त्या घरबसल्या शिकविण्यास आयोगाने मनाई केली आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, भौतिकोपचार, वास्तुकला, कायदा, कृषी, उद्यानविद्या, हॉटेल व्यवस्थापन हे त्यांपैकी प्रमुख होत. राहुरीच्या प्रक्षेत्रावर चिखलात उतरल्यावाचून शेतीचा पदवीधर होत नाही, आणि रुग्णाच्या उशाशी रात्र काढल्यावाचून परिचारिका होत नाही, हे सामान्य बुद्धीसही पटण्यासारखे आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगाने मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा आरोग्यविषयक अभ्यासक्रमांसही याच बंदीत घातले; तत्पूर्वी ते कित्येक ठिकाणी चालत असत, म्हणून जुन्या जाहिरातीवर भरवसा ठेवू नये. पीएच.डी. तर दूरशिक्षणाने वा ऑनलाइन देताच येत नाही. परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने घरबसल्या डॉक्टरेट, अशा जाहिराती जेव्हा बोकाळल्या, तेव्हा २०२२ साली आयोगाने अशा डॉक्टरेट मान्य नाहीत म्हणून जाहीर सूचना दिली होती. 'एकाच बैठकीत पदवी' अशी जाहिरात असेल तर तिची चर्चाही करावयास नको.

चौथा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःस विचारावयाचा आहे : ही पदवी मला कशासाठी हवी? बी.ए. होऊन स्पर्धापरीक्षा द्यावयाची आहे, बँकेत बढती हवी आहे, की शिक्षक व्हावयाचे आहे? प्रत्येक दारावर निराळा द्वारपाल असतो. शिक्षकीच्या पदवीस राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते, आणि दूरशिक्षणाची बी.एड. ही मुख्यतः आधीच शिकवीत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. वकिलीचेही असेच. मुक्त विद्यापीठात बारावी न होताही, पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीस प्रवेश घेण्याची सोय असते. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांस ही सोय म्हणजे वरदान होय. परंतु मूळ पात्रतेशिवाय थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यास कायद्याच्या अभ्यासक्रमास पात्र मानू नये, असे बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत सांगितले आहे. ज्यास पुढे वकील व्हावयाचे आहे त्याने प्रथम बारावी करून घ्यावी. तीन वर्षांनी हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. तात्पर्य, ज्या दारी जावयाचे तेथील नियम आधी वाचावेत, आणि मग पदवी निवडावी. आपल्याकडे बहुधा उलट होते. पदवी घेतात आणि मग दार शोधीत फिरतात.

येथवर मान्यतेचा विचार झाला. परंतु मान्यता म्हणजे गुणवत्ता नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्यास सरकारी सनद नव्हती. कायद्याची मान्यता पुरी पदरात पडण्यास १९५१ साल उजाडले. मधल्या पस्तीस वर्षांत तेथे मातृभाषेतून दिलेले शिक्षण काही खोटे नव्हते. त्याच्या पदवीधर स्त्रियांनी शाळा चालविल्या, संस्था उभारल्या. मात्र कर्व्यांनी ही उणीव कोणापासून लपविली नाही, हा त्यांच्यात आणि आजच्या दलालात फरक. उलटपक्षी, सर्व परवानग्या असूनही जेथे वर्षभर कोणी विद्यार्थ्याची विचारपूस करीत नाही, अशी ठिकाणेही असू शकतात. म्हणून मान्यता पाहिल्यावर शिक्षण पाहावे.

ते कसे पाहावे? नियमाप्रमाणे ऑनलाइन शिक्षणाची चार अंगे आहेत : ध्वनिचित्रित व्याख्याने, वाचनाचे साहित्य, प्रश्नोत्तरांची व चर्चेची सोय, आणि मूल्यमापन. पहिली दोन अंगे पैसे टाकले की तयार होतात. खरी परीक्षा तिसऱ्या अंगाची. शंका विचारली तर उत्तर किती दिवसांत येते? उत्तर देणारा त्या विषयाचा अध्यापक असतो की विक्री विभागातील मनुष्य? लिहून पाठविलेला स्वाध्याय तपासून परत येतो काय, आणि त्यावर चूक कोठे झाली ते लिहिलेले असते काय? प्रवेशापूर्वी एखादे व्याख्यान पाहावयास मागावे आणि त्याच अभ्यासक्रमातील जुन्या विद्यार्थ्यांची गाठ घ्यावी. परीक्षेसंबंधीही विचारावे : सत्रान्त परीक्षेस सत्तर टक्के आणि अंतर्गत कामास फार तर तीस टक्के, अशी साधारण वाटणी असते, ज्या ठिकाणी "परीक्षेची चिंता करू नका" असे सांगतात तेथे खरी चिंता करावी. शिक्षण मराठीतून मिळते की केवळ इंग्रजीतून, हेही पाहणे अगत्याचे आहे. भाषेपायी मध्येच सुटलेल्या अभ्यासक्रमाची फी परत येत नसते. खर्च न करता स्वतःची परीक्षा पाहावयाची असल्यास केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यवस्थेवरील एखादा छोटा अभ्यासक्रम आधी पुरा करून पाहावा.

कारण शेवटी प्रश्न वेळेचा येतो, आणि त्याचा हिशेब फार थोडे लोक करतात. तीन वर्षांची पदवी म्हणजे सुमारे १२० श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे तीस तासांचे अध्ययन. म्हणजे एकूण ३,६०० तास, वर्षास १,२०० तास, आठवड्यास तेवीस तास, रोज सव्वातीन तास. कारखान्यात आठ तास उभे राहून आलेला तरुण, किंवा चूल, मुले आणि सासूसासरे सांभाळणारी गृहिणी हे सव्वातीन तास कोठून काढणार? ते निघत नाहीत असे नाही. परंतु ते तिने एकटीने काढावयाचे नसून सर्व घराने मिळून काढून द्यावयाचे असतात. सुनेस अभ्यासक्रमास घातले आणि सायंकाळचा स्वयंपाक तिच्याकडेच ठेवला, तर ती फी वायाच गेली असे समजावे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे नगरास मिस फॅरार यांच्याकडे घेतले असे सांगतात. ते त्यांस घेता आले, कारण घरातील माणूस पाठीशी उभा होता.

पैशासंबंधी दोनच शब्द. संपूर्ण अभ्यासक्रमाची फी, परीक्षाशुल्क व पदवीप्रमाणपत्राचे शुल्क यांची एकत्र रक्कम लेखी मागावी. पैसे भरावयाचे ते विद्यापीठाच्या नावाच्या खात्यात, आणि पावती घ्यावयाची ती विद्यापीठाची. मध्यस्थ कंपन्या जाहिरात करतात, दूरध्वनीवर गोड बोलतात, 'आजच्या दिवसापुरती' सवलत देतात आणि 'सोप्या हप्त्यां'च्या कागदावर सही घेतात. तो सोपा हप्ता म्हणजे पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते, आणि शिक्षण सोडले तरी कर्ज सुटत नाही. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अशा कंपन्यांसंबंधी सावधगिरीची सूचना दिली होती, आणि विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम अशांस ठेक्याने देणे नियमबाह्य आहे असे बजावले होते. कंपनी तांत्रिक साहाय्य करू शकते. प्रवेश, अध्यापन, परीक्षा आणि पदवी ही विद्यापीठाचीच असली पाहिजेत.

कागदपत्रेही पहिल्या दिवसापासून जपावीत : प्रवेशाची पावती, त्या सत्रापुरत्या परवानगीच्या यादीची छापील प्रत, आणि सर्व गुणपत्रिका. दूरशिक्षणाच्या गुणपत्रिकेच्या व पदवीच्या पाठीमागे शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची व पूर्ण केल्याची तारीख, अभ्यासकेंद्राचे व परीक्षाकेंद्राचे नाव छापण्याचा नियम आहे. विद्यार्थी पुढची बाजू चौकटीत लावतात. नोकरी देणारा मात्र मागची बाजू वाचतो.

आपल्या जिल्ह्यातील मनुष्याने आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारील, तर उत्तर सोपे आहे. प्रथम जवळचे पाहावे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे अनेक महाविद्यालयांत आहेत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. ज्या विद्यापीठाशी जिल्ह्यातील महाविद्यालये जोडलेली आहेत त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशालाही आहे. यांची फी सामान्य कुटुंबास बहुधा पेलते, आणि अडचण आली तर एसटीने जाऊन कार्यालयात उभे राहता येते. यांच्याकडे हवा तो विषय नसेल तरच दूरच्या ऑनलाइन विद्यापीठाकडे वळावे. आणि जवळचे असो वा दूरचे, त्या सत्राची परवानगी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

ज्या घरात कोणी शिकलेले आहे, त्या घरास या पारखीचा फारसा प्रयास नाही. एका संध्याकाळचे काम आहे. परंतु आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईची मुलगी, शेतावरील वाटेकऱ्याचा मुलगा, दुकानातील पोऱ्या, यांच्या हाती हीच रंगीत जाहिरात पडत असते, आणि त्यांस ती वाचून दाखविणारा बहुधा दलालच असतो. त्यांच्या घरातील तो पहिलाच पदवीधर होऊ पाहत असतो, आणि पैसे बहुधा उसनवारीचे असतात. तेव्हा श्रोतेहो, आपल्या स्वतःच्या मुलाकरिता जी यादी आपण पाहाल, ती त्यांच्याकरिताही एकदा उघडून पाहा, आणि पैसे भरण्यापूर्वी पाहा.